गोकू की सुपरमॅन? आधी सांगा, कुस्ती मातीत की मॅटवर

मागच्या भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो तर ओवाळणी राहिली बाजूला आणि फराळाच्या ताटावरच भांडण पेटलं. इस्टेटीचं नाही, राजकारणाचंही नाही. 'ड्रॅगन बॉल' या जपानी कॉमिक्सचा हिरो गोकू आणि सुपरमॅनची लढत लावली तर कोण जिंकेल, यावरून. एका बाजूला माझा तेरा वर्षांचा भाचा, दुसऱ्या बाजूला त्याचा इंजिनिअरिंगला असलेला चुलतभाऊ, आणि मधे मी, चाळिशीला टेकलेला मामा, ज्याला खरं तर शांतपणे चकली खायची होती. भाचा म्हणे गोकूच्या ठोशाने अख्खं युनिव्हर्स हादरतं, चुलतभाऊ म्हणे सुपरमॅन नुसता शिंकला तरी सूर्यमाला उडते, मग दोघांनी मोबाईलवर कॉमिक्समधल्या चित्रांचे फोटो काढले आणि कोर्टात पुरावे सादर केल्यासारखे एकमेकांच्या नाकासमोर नाचवत बसले. शेवटी ताई आतून ओरडली, "अरे दोघंही खोटे आहेत ना, मग कशाला डोकं पिकवताय?"

इथे ताईचंच चुकतंय असं मला वाटलं. तेव्हा बोललो नाही कारण चकल्या तिच्या होत्या, पण आता लिहितोय.

कारण "दोघंही खोटे" हे उत्तर असेल तर मग कर्ण श्रेष्ठ की अर्जुन श्रेष्ठ यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जे चाललंय ते काय आहे? माझ्या आजोबांचं आणि त्यांच्या एका मित्राचं या विषयावरून आठवडाभर बोलणं बंद होतं. त्यांना कुणी म्हटलं नाही की डोकं पिकवू नका. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर राज कॉमिक्स मिळायची, हिंदी असली तरी सगळे वाचायचे, आणि नागराज भारी की सुपर कमांडो ध्रुव यावरून शाळेत गट पडलेले असायचे, नागराजकडे विष आणि साप, ध्रुवकडे काहीच पॉवर नाही, नुसतं डोकं आणि मोटरसायकल, तरी ध्रुववाले मागे हटायचे नाहीत. आमच्या आधीच्या पिढीने इंद्रजालच्या वेताळ आणि मँड्रेकवरून हेच केलं असणार. म्हणजे हा उद्योग जुना आहे, आणि माझं म्हणणं असं की तो चांगला उद्योग आहे, पोरं पुरावे शोधतात, दुसऱ्याचा पुरावा खोडतात, "हे एकदाच झालंय, ते धरू नको" असं म्हणायला शिकतात. फक्त तो चुकीच्या फुटपट्टीने चाललाय. पोरं आकडे मोजतात आणि नियम मोजायचे सोडून देतात.

आधी आकड्यांचं बघू, कारण त्यात मजा आहे.

ड्रॅगन बॉल हे अकिरा तोरियामांचं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९८४ ते १९९५ दर आठवड्याला यायचं, ५१९ प्रकरणं. त्यात साधारण मध्यावर रॅडिट्झ नावाचा परग्रहावरचा माणूस येतो आणि त्याच्या डोळ्यावर एक काच असते, स्काउटर, समोरच्याची ताकद आकड्यात दाखवणारी. पहिला माणूस त्याला भेटतो तो एक शेतकरी, हातात बंदूक. स्काउटर म्हणतो ५. बिचारा. पुढे व्हेजिटा येतो १८,००० घेऊन, मग फ्रीझा येतो आणि सांगतो की माझी ५,३०,०००, आणि ही त्याची सगळ्यात कमजोर अवस्था. हे वाचताना अंगावर काटा येतो यात वाद नाही, मला आजही येतो. पण याच यंत्राने गोकूचे गुरू, म्हातारे मास्टर रोशी मोजले तर किती भरतात? १३९. आणि याच म्हाताऱ्याने त्याच्या कितीतरी आधी, एका स्पर्धेत, गोकू पौर्णिमेच्या चंद्रामुळे राक्षसी माकड झाला म्हणून थेट चंद्रच उडवून टाकलेला असतो. (पुढे तो चंद्र परत येतो आणि पिकोलो तो पुन्हा फोडतो. भरती-ओहोटीचं काय झालं हे कुणी विचारत नाही.)

आता इंजिनिअरिंगवाल्या चुलतभावाला मी हे गणित करायला लावलं. चंद्राचे तुकडे करून ते पुन्हा एकत्र येणार नाहीत इतके लांब फेकायचे तर जी ऊर्जा लागते ती म्हणजे सूर्य पाच-साडेपाच मिनिटांत चारी दिशांना जेवढी ओततो तेवढी सगळी. पृथ्वीचं हेच करायचं तर २२४ वर तीस शून्यं इतके ज्यूल, सूर्याची जवळजवळ आठवड्याभराची कमाई. आजवरचा सगळ्यात मोठा बॉम्ब सोव्हिएत रशियाने १९६१ साली फोडला, ५० मेगाटनचा, तसले दहा कोटी गुणिले एक कोटी बॉम्ब एका वेळी फोडा, तेव्हा कुठे पृथ्वी फुटते. ठीक. तर रोशी १३९ आणि चंद्र फोडतो, शेतकरी ५. भागाकार केला तर २८ शेतकरी एकत्र येऊन जोर लावला की चंद्र फुटला पाहिजे. अठ्ठावीस! आमच्या गावच्या सोसायटीच्या मीटिंगला याच्यापेक्षा जास्त जमतात.

भाचा लगेच म्हणाला, "मामा, ते तसं नसतं, रोशीने तेव्हा फुल पॉवर लावली होती." मान्य. मग दुप्पट धर, तिप्पट धर, शंभर शेतकरी धर. शंभर शेतकऱ्यांनी तरी चंद्र फुटतो का? म्हणजे हा आकडा ताकद मोजत नाही. तो आकडा वाचकाला घाबरवायला आहे, एवढंच त्याचं काम, आणि ते काम झाल्यावर तोरियामांनी तो गुपचूप टाकून दिला. फ्रीझानंतर स्काउटर जवळजवळ गायब होतात. खरं तर कथेतच ते सांगितलंय, पृथ्वीवरची माणसं आपली ताकद लपवू शकतात, हवी तेव्हा वाढवू शकतात, त्यामुळे आकड्यावर भरवसा ठेवणारा प्रत्येक खलनायक मार खातो. ज्याने आकडे आणले तोच माणूस पानोपानी सांगतोय की आकडे बघू नका, आणि आपण तीस वर्षं तेच आकडे पाठ करतोय.

बरं, आकडे सोडले आणि पराक्रम धरले, म्हणजे प्रत्यक्ष काय करून दाखवलं ते, तरी सुटका नाही. २०१५ मध्ये ड्रॅगन बॉल सुपर सुरू झालं, त्यात गोकू आणि विनाशाचा देव बीरस यांचे ठोसे एकमेकांवर आदळतात तेव्हा विश्व मोडायची वेळ येते असं दाखवलंय. भाच्याचा सगळा भर यावर. त्याच वर्षीच्या सिनेमात फ्रीझाचा एक किरकोळ नोकर अंगठीतून एक किरण मारतो आणि तोच गोकू, देवांच्या पातळीला पोचलेला, बेसावध असल्यामुळे छातीतून आरपार भोक पडून कोसळतो. दोन्ही खरंच पडद्यावर घडलंय. मग कुठलं धरायचं? चाहते म्हणतात दुसरं धरू नका, ते अपवाद. आणि सुपरमॅनवाला म्हणतो पहिलं धरू नका, तेच अपवाद. जो तो स्वतःला नको तो अपवाद ठरवतो.

सुपरमॅनचं तर याहून अवघड आहे, कारण गोकूला निदान एक मालक होता. सुपरमॅन १९३८ चा, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण पोरांनी काढलेला, आणि तो सुपरमॅन उडत नव्हता हे किती जणांना माहितीये? तो उडी मारायचा. एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे दोनशे मीटर, वीस मजली इमारत ओलांडायचा, तोफगोळा फुटला तरच त्याच्या कातडीला काही होईल असं होतं. आणि पहिल्याच अंकात शास्त्रीय खुलासा, मुंगी स्वतःच्या वजनाच्या कैकपट ओझं उचलते, नाकतोडा कैकपट लांब उडी मारतो, तसाच हा. किती साधा माणूस होता! मग १९४१ पासून फ्लायशर स्टुडिओची कार्टून आली आणि त्यात उड्या मारणारा हिरो बरा दिसेना म्हणून तो सरळ उडायला लागला. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध सुपरपॉवरचं कारण काय, तर चित्र नीट दिसावं. मग पन्नास-साठच्या दशकात तो ग्रह ढकलायला लागला, ती शिंकेने सूर्यमाला उडवायची गोष्ट त्याच काळातली, मग १९८६ साली लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी त्याला मुद्दाम खाली आणला कारण एवढ्या ताकदवान माणसाला संकटात टाकायचं कसं हेच लेखकांना सुचेना. १९९२ मध्ये तो डूम्सडे नावाच्या राक्षसाच्या हातून मेलासुद्धा, साध्या ठोशांनी. आणि पुढे एका गोष्टीत त्याने २०० क्विंटिलियन टन उचलले, जे पृथ्वीच्या वजनाच्या साधारण तिसावा हिस्सा होतात, पण तेव्हा त्याच्या पेशीत सूर्याची ऊर्जा मरणाच्या दारात नेईल इतकी जास्त भरली होती. तर चुलतभाऊ, तू म्हणतोस सुपरमॅन, पण कुठला?

याला पोरं "कॅनन" म्हणतात, कुठली गोष्ट अधिकृत धरायची. आणि इथे मराठी माणसाने जरा कॉलर ताठ करावी, कारण कॅननचा जगातला सगळ्यात मोठा खटाटोप आपल्या पुण्यात झालाय. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, १२५९ हस्तलिखितं तपासली, जे सगळीकडे आणि जुन्यात जुन्या पोथ्यांत सापडतं ते वर, बाकीचं तळटीपेत आणि परिशिष्टात. कर्णाने बाण मारून अर्जुनाचा रथ दोन पावलं मागे सारला आणि कृष्णाने वाहवा केली, ही कीर्तनातली गोष्ट प्रत्येक कर्णवाल्याच्या तोंडी असते, ती त्या आवृत्तीत सापडत नाही. जे सापडतं ते वेगळंच आहे, गंधर्वांशी लढाई झाली तेव्हा कर्ण रणांगण सोडून गेला आणि दुर्योधनाला सोडवायला अर्जुन-भीमाला जावं लागलं, विराटाच्या गायी पळवल्या तेव्हा एकट्या अर्जुनाने सगळ्यांना, कर्णासकट, पिटाळलं. पोरांच्या भाषेत सांगायचं तर कर्णाचा पडद्यावरचा रेकॉर्ड खराब आहे.

तरी महाराष्ट्रात कर्ण जिंकतो. का? कारण १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि दोन पिढ्यांनी कर्णाकडे त्याच्याच डोळ्यांनी बघितलं. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं, त्यात कर्णाकडे फार थंड नजरेने बघितलंय. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ ला, ही दोन पुस्तकं १९६७ ला, एकच माणूस, एकच युद्ध, आणि वाचक कुठल्या दारातून आत शिरला त्यावर त्याचा बलवान ठरतो. माझे आजोबा कर्णाचे होते आणि त्यांच्या मित्राने आधी पोथी वाचली होती, एवढंच ते भांडण होतं.

इथे नेहमीचा शहाणा माणूस उठतो आणि म्हणतो, सोप्पंय, लेखक ज्याला जिंकवेल तो जिंकेल. मार्व्हल कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली स्वतः असंच सांगायचे, आणि त्यांनी जन्माला घातलेल्यांची यादी बघता त्यांना तो अधिकार होता. पण तुम्हाआम्हाला नाही. हे उत्तर खरं आहे पण आळशी आहे. पंच ज्याला आऊट देईल तो आऊट, हेही खरंच आहे, म्हणून एलबीडब्ल्यूवर चर्चा करायची नाही का? लेखकही मोकाट नसतो. हल्कचा जुना नियम आहे की राग वाढला की ताकद वाढते, उद्या कुठल्या लेखकाने लिहिलं की हल्क चिडला आणि त्यामुळे कमजोर झाला, तर वाचक पुस्तक फेकून देतील. म्हणजे लेखकाच्या वरही काहीतरी आहे.

आणि लेखकाच्या हातून निर्णय काढून घेतला की काय होतं तेही बघून झालंय. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांनी आपले हिरो समोरासमोर आणले आणि पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर ठेवला. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, इथवर ठीक. पण वुल्व्हरिनने लोबोला हरवलं, आणि लोबो म्हणजे सुपरमॅनशी दोन हात करणारा गडी, वुल्व्हरिनची सगळी पुंजी म्हणजे नखं आणि भरून येणाऱ्या जखमा. काढायचं कसं हा प्रश्न चित्रकारांना पडला असावा, कारण ती मारामारी बारच्या काउंटरमागे होते, आपल्याला दिसत नाही, आणि थोड्या वेळाने वुल्व्हरिन वर येतो. स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं. वुल्व्हरिन आणि स्टॉर्म दोघंही एक्स-मेनमधले, आणि त्या काळात एक्स-मेन तुफान खपत होते, बस. त्याला लढत म्हणत नाहीत, ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणतात, आणि निवडणुकीचा निकाल कसा लागतो ते आपल्याला शिकवायला नको.

मग मोजायचं काय? मी कऱ्हाडकडचा, त्यामुळे मला कुस्तीशिवाय उदाहरण सुचत नाही, सहन करा.

जत्रेच्या मैदानात जोड लावणारी जुनी माणसं असतात. ती पैलवानाकडे बघतात, वजनकाटा नसला तरी चालतो, आणि सांगतात हा याच्याशी नको, त्याच्याशी लावा. कोण किती भारी हे लावणं, ज्याला पोरं पॉवर स्केलिंग म्हणतात, ते खरं हे. आणि या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते जी पोरांना कळत नाही: अ ने ब ला पाडलं, ब ने क ला पाडलं, म्हणून अ हा क ला पाडेलच असं नाही. क हा पट काढणारा असेल आणि अ चा पाय मोकळा राहत असेल तर अ पहिल्या मिनिटात आभाळ बघतो. पण ऑनलाइन निम्मी गणितं या साखळीवर चालतात, अमका तमक्यापेक्षा भारी, तमक्याने ग्रह फोडला, म्हणून अमका ग्रह फोडतो, आणि अशा दहा कड्या जोडल्या की कुठलाही पोस्टमन मल्टिव्हर्सल, म्हणजे अनेक विश्वं मोडणारा, होतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. माती आणि मॅट. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं, चीतपट, त्याशिवाय निकाल नाही, तासभर झटले तरी गुण मिळत नाहीत. मॅटवर वेळ ठरलेली, गुण ठरलेले, पायाखाली रबर, पकडी वेगळ्या. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले आणि सहावे आले, मातीत घडलेला माणूस, मॅट आणि तिथले नियम नवीन. मग चार वर्षं त्यांनी त्या नियमांचा अभ्यास केला आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांत सरावाने ताकद थोडी वाढली असेलच, पण फरक पडला तो कुस्ती कशावर खेळतोय हे पक्कं कळल्याने.

कॉमिक्समधल्या हिरोंचं अगदी हेच आहे. प्रत्येकाची एक माती असते. गोकूच्या मातीचा नियम असा की मेहनत केली, मरता मरता वाचलात, की पुढच्या वेळी वरचढ व्हाल, तिथे पहिला पराभव हा ट्रेनिंगचाच भाग असतो. सुपरमॅनच्या मातीचा नियम असा की ताकद आधीच पूर्ण आहे, सूर्यापासून फुकट मिळते, प्रश्न असतो ती कुठे वापरायची नाही. म्हणून त्याच्या गोष्टीत त्याला कमजोर करणाऱ्या वस्तू लागतात, क्रिप्टोनाइट, जादू, लाल सूर्य. १९७८ साली तर मुहम्मद अलीने त्याला हरवलं, हो, खऱ्या अलीने, डीसीनेच छापलंय, कारण लढत लाल सूर्याखाली ठेवली होती आणि तिथे सुपरमॅन म्हणजे धट्टाकट्टा पत्रकार. एक नियम बदलला आणि ग्रह ढकलणारा माणूस बॉक्सिंगमध्ये आडवा. 'वन पंच मॅन' या मांगातल्या सैतामाची माती तर विनोदाची आहे, रोज शंभर पुशअप्स, शंभर सिटअप्स, शंभर स्क्वॉट्स, दहा किलोमीटर पळणं, तीन वर्षं, आणि एका ठोशात कुणीही संपतो, पण एक डास त्याला मारता येत नाही. ज्याला डास मारता येत नाही त्याची सुपरमॅनशी तुलना करणारा माणूस विनोदाला फुटपट्टी लावतोय. बॅटमॅनला "तयारीला वेळ" दिला की तो कुणालाही हरवतो म्हणतात, तो वेळ हीच त्याची माती, वेळ काढून घ्या, मग तो एक श्रीमंत, हट्टी माणूस उरतो.

तर दोन मातींतल्या दोघांना समोरासमोर आणायचं तर तिसरा आखाडा लागतो, आणि त्याचे नियम आधी लिहावे लागतात. खरं भांडण तिथे आहे आणि तेच भांडण मला रंगतदार वाटतं. उदाहरण देतो. सुपरमॅनकडे जादूला उत्तर नाही. गोकू लढतो 'की' वर, म्हणजे अंगातल्या ऊर्जेवर. मग 'की' ही जादू आहे का? असेल तर पहिल्याच कामेहामेहाला, म्हणजे गोकूच्या त्या ऊर्जेच्या झोताला, सुपरमॅन गार. चुलतभाऊ म्हणाला नाही, भाचा म्हणाला हो, पाच मिनिटं नुसतं हो-नाही. मग मी विचारलं की ड्रॅगन बॉलमध्ये जादूगार वेगळे आहेत का? आहेत की, बाबिडी आहे, तो मंत्र टाकून माणसं ताब्यात घेतो आणि त्याची विद्या तिथे 'की' पेक्षा वेगळीच धरलीये. म्हणजे गोकूच्या स्वतःच्या जगात 'की' जादू नाही, ती श्वासाची, शरीरातली गोष्ट आहे, आपल्याकडे प्राण म्हणतात तशी. भाच्याने तोंड वाकडं केलं पण मानलं. बघा, एक मुद्दा निकाली निघाला, पुराव्याने, आणि एकही शून्य मोजावं लागलं नाही.

आकडे विरुद्ध नियम याचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र जपानी नाही, अमेरिकनही नाही. उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना विचारतो की दोन्हीकडचे योद्धे किती ताकदीचे ते सांगा, आणि भीष्म अक्षरशः यादी देतात, हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. भीम एकटा आठ रथींच्या बरोबरीचा म्हणतात. स्काउटरच! आणि कर्णाची पाळी आली की म्हणतात, हा अर्धरथी, पाव नाही पूर्ण नाही, अर्धा, कवचकुंडलं देऊन बसलाय, वर परशुरामांचा शाप. द्रोणही मान डोलावतात. कर्ण इतका भडकतो की हा म्हातारा पडेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही म्हणतो आणि खरोखर पहिले दहा दिवस घरी बसतो. एका रँकिंगपायी कौरवांचे दहा दिवस गेले. आणि पुढची गंमत अशी की ही सगळी यादी सांगून झाल्यावर, त्याच प्रसंगात, भीष्म स्वतःबद्दल एक अट सांगतात, शिखंडीवर मी शस्त्र उचलणार नाही. दहाव्या दिवशी ते त्या अटीनेच पडतात. सगळ्यांचे आकडे काढणारा माणूस स्वतःच्या नियमाने पडला, आणि त्या यादीत शिखंडी काही पहिल्या नंबरवर नव्हता.

मग आता माझा निकाल, कारण एवढं लिहून निकाल न देणं म्हणजे कुस्ती बरोबरीत सोडवणं, आणि आमच्याकडे त्याला लोक शिव्या घालतात. आखाडा असा: पिवळा सूर्य, क्रिप्टोनाइट नाही, तयारीला वेळ नाही, आणि दोघंही आपापल्या स्वभावानेच वागणार. ही शेवटची अट महत्त्वाची. गोकूचा स्वभाव काय, तर समोरचा पूर्ण जोरात असल्याशिवाय त्याला मजा येत नाही. सेल नावाच्या राक्षसाशी लढताना मधेच त्याने त्याला जखमा भरून काढणारा दाणा खायला दिलाय, पोटच्या पोराशी लढत लावायच्या आधी, आणि वर म्हणतो असं केलं नाही तर लढत बरोबरीची कशी होणार. म्हणजे तो क्षणात कुठेही जाऊ शकत असला तरी सुपरमॅनला उचलून लाल सूर्याखाली नेणार नाही, त्याला ते सुचलं तरी नेणार नाही. तो साध्या अवस्थेत सुरुवात करणार, हसत हसत. सुपरमॅनचा स्वभाव काय, तर हात राखून मारायचं, समोरच्याचं काही तुटू नये. तोही जोर लावणार नाही. पण साधा गोकू आणि हात राखलेला सुपरमॅन यात माझ्या मते पाठ गोकूची लागते. पहिली कुस्ती सुपरमॅनची. २०१३ आणि २०१५ ला डेथ बॅटल नावाच्या अमेरिकन कार्यक्रमानेही दोनदा सुपरमॅनच जिंकवला, पण त्यांनी गणितं करून, ग्रह मोजून, त्यामुळे त्यांचं उत्तर बरोबर असलं तरी मी मार्क कापतो.

दुसरी कुस्ती मात्र गोकूची. कारण त्याच्या मातीत हरलेला माणूस सहा महिने गायब होतो आणि परत येतो तेव्हा केसांचा रंग बदललेला असतो. सुपरमॅन त्या सहा महिन्यांत ऑफिसला जाईल, बातम्या लिहील. तिसरी कुस्ती होणार नाही, कारण तोवर गोकू क्लार्कच्या, म्हणजे सुपरमॅनच्याच, आईकडे जेवायला बसलेला असेल आणि चौथ्यांदा भात मागत असेल.

हे सगळं मी भाच्याला फोनवर नीट समजावून सांगितलं, आकडे कसे फसवे, नियम कसे महत्त्वाचे, भीष्मांची यादी, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, मला वाटलं पटलं. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "मामा भीम म्हणजे आठ रथ ना, एका रथाला चार घोडे, म्हणजे बत्तीस हॉर्सपॉवर. आईच्या स्कूटरपेक्षा जास्त पण पप्पांच्या गाडीपेक्षा कमी?? हे कसं काय"